कपाट म्हणजे दार की अलमारी?

परवा बातम्या बघताना आईने विचारलं, केदारनाथचं कपाट उघडलं म्हणजे नेमकं काय उघडलं रे, देवाच्या दागिन्यांचं का? मी म्हटलं नाही गं, देवळाचं दार, हिंदीत दाराला कपाट म्हणतात. पण मग आपण कपडे ठेवतो त्याला कपाट का म्हणतो हे काही मला सांगता येईना. शब्द एकच आहे का? आणि अलमारी कुठली?

—

शब्द एकच. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी, कवाट असंही रूप आहे. रघुवंशात कालिदासाने तरुण रघूला 'कपाटवक्षाः' म्हटलंय, दारासारखी रुंद छाती असलेला. त्याच कवाटाचं आपलं कवाड झालं, हिंदीत किवाड, आणि बंगालीत कपाट म्हणजे अजूनही दारच.

आता दाराचं कपाट कसं झालं, तर मला वाटतं त्याचं उत्तर जुन्या घरांच्या भिंतीत आहे. माझ्या आजोळी माजघरात फडताळ होतं, भिंत चांगली दोन हात जाड, तिच्यातच पोकळी ठेवलेली, आत दोन फळ्या, आणि सुताराने काय केलं असेल तर फक्त चौकट, दोन दारं अन् कडीकोयंडा, बाकी मागे भिंत, बाजूला भिंत, उघडलं की लोणच्याचा वास. ती दारं काढली तर उरतो कोनाडा! म्हणजे दार हेच त्याचं सगळं वेगळेपण, मग नाव दाराचंच पडणार ना. पुढे ते भिंतीतून सुटं झालं, पायांवर उभं राहिलं, लोखंडाचं झालं, नाव तेच राहिलं.

अलमारी पोर्तुगीजांची, त्यांच्या आर्मारियोवरून, मूळ लॅटिन, हत्यारं-अवजारं ठेवायची जागा. विदर्भात सर्रास आलमारीच म्हणतात, आणि इंग्रजीतलं आल्मायरा हे आपल्याकडूनच तिकडे गेलंय.

—

खूप धन्यवाद! कवाड आणि कपाट कधी जोडून बघितलंच नव्हतं. आमची गावाकडची आजी रोज रात्री ओरडायची, "कपाटाचं कवाड नीट लावा रे, झुरळं जात्यात." इतकी वर्षं ऐकलं, ती दाराचं दार लावायला सांगत होती हे आज कळलं.