'जन्मजात' आणि 'आनुवंशिक' : एकच की वेगळे?

प्रश्न : एक भाषांतर तपासतेय. 'तापटपणा जन्मजात असतो' आणि पुढे 'तापटपणा अनुवंशिक असतो', दोन्ही एकाच अर्थाने आलंय. चालेल का? आणि 'अनुवंशिक' की 'आनुवंशिक'?

उत्तर : 'आनुवंशिक'. समाज-सामाजिक, तसं अनुवंश-आनुवंशिक.

अर्थ मात्र एक धरू नका. जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेलं, कारण काहीही असो. गरोदरपणात आईला रुबेला (जर्मन गोवर) झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं. तो जन्मजात, पण आनुवंशिक नव्हे. उलट हंटिंग्टनचा हा मेंदूचा आजार एकाच जनुकातल्या दोषामुळे होतो, बहुतेकदा आई किंवा वडिलांकडून येतो, आणि लक्षणं साधारण तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. शांत माणूस चिडका होतो, घरच्यांना ओळखू येईनासा होतो. हे आनुवंशिक, पण तान्हेपणी त्याचा मागमूसही नसतो.

दुसरं उत्तर : 'आनुवंशिकता' या शब्दालाही जपा. जुळ्यांच्या अभ्यासांतून स्वभावगुणांची आनुवंशिकता ढोबळमानाने ४० ते ५० टक्के निघते. याचा अर्थ 'तुमचा निम्मा राग आजोबांचा' असा लावतात, तो साफ चूक. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, इतकंच. हाताला पाच बोटं येतात ती जनुकांमुळेच. पण कुणाचं एखादं बोट कमी असेल तर ते बहुधा अपघाताने गेलेलं असतं. म्हणून बोटांच्या संख्येची आनुवंशिकता जवळजवळ शून्य! आकडा एका माणसाचा नसतो, समूहाचा असतो.

प्रश्नकर्ती : हे माहीत नव्हतं. मग 'उपजत' लिहू?

उत्तर : 'उपजत'मध्येही जन्मापासूनचं हाच अर्थ आहे. शिवाय तो गुणाला शोभतो, उपजत समज, उपजत गळा, तापटपणाला खटकतो. 'पिंड' चांगला आहे, पण तो कुठून आला ते सांगत नाही. मला 'वळण' फार आवडतो. 'पोरगी आजीच्या वळणावर गेलीय' म्हणतो तेव्हा रक्ताचं बोलतो, 'मुलांना वळण लावा' म्हणतो तेव्हा संगोपनाचं. एकाच शब्दात दोन्ही बाजू. शास्त्रीय मजकुरात मात्र तो संदिग्ध ठरेल, तिथे 'कल' घ्या.

प्रश्नकर्ती : वाक्य असं केलंय : 'तापटपणाकडे असलेला कल काही अंशी आनुवंशिक असतो.' 'जन्मजात' काढूनच टाकला.

उत्तर : 'काही अंशी' ठेवलंत, फार बरं केलंत. संपादकांनी कापलं तर भांडा.