पाचवीपासून मुलांच्या कॅथलिक शाळेत : पहिल्या सत्राआधी मुलाला काय सांगावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. यजमानांच्या बदलीमुळे आम्ही मे महिन्यात मिरजेहून मुंबईला आलो. मुलगा चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकला असून आता पाचवीत, जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) फादर चालवत असलेल्या, राज्य मंडळाच्या, इंग्रजी माध्यमाच्या आणि केवळ मुलांच्या शाळेत त्याला प्रवेश मिळाला आहे. येत्या सोमवारी शाळा सुरू होईल. मे महिन्यातच त्याची मुंज झाली, त्यामुळे डोक्यावर जेमतेम बोटभर केस आहेत आणि गळ्यात जानवे आहे. सासूबाईंना काळजी आहे ती प्रार्थनेची. मला आहे ती इंग्रजीची. आणि मुलाला आहे ती टकलाची. तिघांपैकी कोणाची काळजी खरी आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फळा_आणि_खडू

मी मुंबईतल्या अशाच एका शाळेत एकोणीस वर्षे मराठी शिकवते आहे. प्रथम सासूबाईंच्या शंकेचे उत्तर देते, कारण ते सर्वांत सोपे आहे. मान्यताप्राप्त किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणत्याही अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, असे संविधानाच्या अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडात स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षातही आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुले वेगळ्या वर्गात जातात आणि उरलेल्यांना त्याच वेळी मूल्यशिक्षण असते. सकाळच्या प्रार्थनेत हात जोडून शांत उभे राहिले की पुरते. क्रुसाची खूण करावी अशी अपेक्षा इतर धर्मांच्या मुलांकडून कोणी करत नाही.

टकलाविषयी म्हणाल, तर दर जून महिन्यात प्रत्येक इयत्तेत अशी दोन-तीन मुले असतातच. मुले आठवडाभर डोक्यावर टपल्या मारतात आणि मग पाऊस लागून मैदान बंद झाले की त्यांना दुसरे विषय सापडतात. जानवे शर्टाच्या आत राहते. त्याबद्दल वर्गशिक्षिकेला मुद्दाम सांगण्याचीही गरज नाही.

आता तुमची काळजी, जी मला खरी वाटते, परंतु तुम्हाला वाटते त्या कारणासाठी नव्हे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा धड्यात सहसा अडत नाही, कारण धडा घरी पुन्हा वाचता येतो. तो अडतो ते बाईंच्या तोंडी सूचनांपाशी, ज्या एकदाच आणि पाठ फिरवून दिल्या जातात. ‘रूल द मार्जिन’, ‘स्किप अ लाइन’, ‘पास द बुक्स फॉरवर्ड’, ‘गेट इट साइन्ड इन द डायरी’ ही वाक्ये पुस्तकात कुठेच नसतात. शेजारचा काय करतो हे पाहून वही उघडणारा मुलगा बाईंना हळू वाटू लागतो आणि मग तो स्वतःलाही तसा समजू लागतो, हे मी वारंवार पाहिले आहे. या आठवड्यात व्याकरण बाजूला ठेवून घरी अशा पंचवीस-तीस सूचनांचा खेळ खेळावा. गणितात अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लसावि म्हणजे एलसीएम, एवढी जोडी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यावी. गणित त्याला येतच असेल.

आणि एक गंमत. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनाही एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक थांबून विचार केल्याशिवाय सांगता येत नाही. तुमचा मुलगा पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला राजा होईल, आणि मुलांच्या शाळेत एखाद्या विषयातला राजा असणे फार उपयोगी पडते.

वसईची_लेक

मी वसईची कॅथलिक आहे आणि माझे दोन्ही मुलगे अशाच शाळेत शिकले. वरच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालते. जेझुइट शाळेत ३१ जुलैला, म्हणजे त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या सणाच्या सुमारास, बहुधा मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, होतो. काही शाळांत त्या वेळी सर्व मुले सभागृहात असतात. मिस्सामध्ये पुढे जाऊन जी पातळ पांढरी चकती स्वीकारतात, ती केवळ प्रथम ख्रिस्तप्रसाद (ती पहिल्यांदा स्वीकारण्याचा विधी) झालेल्या कॅथलिकांसाठी असते. इतर धर्मांची मुले ‘प्रसाद’ ऐकून भाबडेपणाने रांगेत जाऊन उभी राहतात. त्यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो, पण आमच्यासाठी ती अत्यंत पवित्र गोष्ट आहे, म्हणून रांग लागली की जागेवरच बसून राहायचे, एवढे त्याला आधीच सांगून ठेवावे.

शिवाय सगळेच शिक्षक फादर नसतात. बहुतेक शिक्षक आणि शिक्षिका तुमच्याआमच्यासारखे संसारी असतात. पांढऱ्या झग्यातल्या व्यक्तीला ‘फादर’ म्हणावे, ‘सर’ नव्हे.

लष्कर_भागातला_जुना_विद्यार्थी

पुण्यात १८६७ साली सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट्समध्ये मी शिकलो. तीही जेझुइटांचीच. आमच्याकडे मुलांना आडनावाने हाक मारण्याची रीत होती आणि पहिले काही दिवस मला प्रत्येक वेळी वाटे की आपण काहीतरी गुन्हा केला आहे. तसे नसते, हे मुलाला सांगा. केवळ मुलगे असल्यामुळे दंगा अधिक होतो हे खरे, परंतु नाटकात स्त्रीपात्र करण्यापासून वर्ग सजवण्यापर्यंत सगळी कामे मुलांनाच करावी लागतात, ही बाजू कोणी सांगत नाही.

दोन_मुलांचा_बाप

सगळेच सुरळीत असते असे चित्र उभे राहू नये, म्हणून लिहितो. माझ्या धाकट्याला एका शाळेत (नाव देत नाही) रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी राखी काढायला लावली होती. ‘दागिने व मनगटावर काहीही नको’ हा नियम डायरीत छापलेला होता आणि तो आम्ही वाचला नव्हता, हेही तितकेच खरे. मी रागाने थेट मुख्याध्यापकांकडे गेलो, त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी पत्नीने आधीच वर्गशिक्षिकेला दोन ओळी लिहून पाठवल्या आणि राखी आठवडाभर हातात राहिली. डायरीतली नियमांची पाने रविवारी रात्रीपर्यंत वाचून काढा.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. डायरी काल वाचली. मनगटाचा नियम आहे, जानव्याविषयी एक शब्द नाही. सूचनांचा खेळ कालपासून सुरू केला असून सासूबाई बाईंच्या भूमिकेत आहेत. ‘स्किप अ लाइन’ म्हटल्यावर मुलाने पहिल्यांदा जागच्या जागी दोरीवरची उडी मारून दाखवली. एक शंका राहिली : पावसात बूट घालावेत की सँडल?

फळा_आणि_खडू

आमच्याकडे पावसाळी सँडल चालतात, पण काळे हवेत. तुमच्या डायरीत गणवेशाच्या पानावर तळाशी पाहा. गणवेशाचे दोन जोड मात्र असू द्या. मुंबईत जुलैमध्ये एका रात्रीत काहीही वाळत नाही.