खजूर आणि सुक्या मेव्याचे गोळे: कधी भुगा होतो, कधी तेल सुटतं

सायकलवेडी
लांबच्या सायकलिंगला सोबत न्यायला खजूर, बदाम, अक्रोड यांचे न शिजवता होणारे गोळे करते. साधारण एक वाटी बिया काढलेला खजूर, एक वाटी बदाम-अक्रोड, दोन चमचे जवस, सगळं मिक्सरमध्ये एकदम घालून फिरवते. कधी मिश्रण इतकं कोरडं राहतं की वळताना हातातच भुगा होतो. कधी त्याच प्रमाणात तेल सुटतं आणि गोळे मऊ, चकचकीत होतात. अक्रोड जास्त असले की काही दिवसांत खवट वासही येतो. मध किंवा साखरेचा पाक घालायचा नाही, एवढी एकच अट आहे. प्रमाण बदलू की पद्धत?

खलबत्ता
पद्धत बदला, प्रमाणाला फार हात लावू नका. मी हे गोळे नेमाने करतो आणि या पदार्थावर माझा फार जीव आहे. दोन-तीन जिन्नसांत, गॅस न पेटवता इतकं पोटभरीचं काही होतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मधाची गरज नाही हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. चिकटवायचं काम खजूर एकटा करतो.

मात्र सगळं एकदम फिरवू नका. बदामात वजनाच्या निम्मं तेल असतं, अक्रोडात तर सुमारे ६५ टक्के. खजूर बारीक होईपर्यंत मिक्सर चालू राहिला की तेवढ्या वेळात मेव्याचं तेल बाहेर पडायला लागतं. म्हणून आधी फक्त मेवा, तोही थांबत थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके देऊन फिरवा. रवाळ भरड झाली की थांबा आणि ती ताटात काढून ठेवा. मग त्याच भांड्यात खजूर फिरवा. त्याचा एकसंध गोळा होऊन भांड्याच्या कडा सोडायला लागला की भरड परत घाला आणि अगदी थोडा वेळ फिरवा, किंवा सरळ हातानेच मळा. मी हातानेच मळतो. किती ओलावा आहे ते बोटांना लगेच कळतं, आणि मेव्याचे कण दाताखाली येतात ती मजाही टिकते.

मेवा आधी भाजून घेतलात तर चव कितीतरी खुलते. पण तो पूर्ण गार होऊ द्या. कोमट मेवा मिक्सरमध्ये गेला की तेल फार पटकन सुटतं.

भुगा होतो तो खजुरामुळे. मऊ, गरदार खजूर आणि कडक सुका खजूर यांच्या ओलाव्यात बराच फरक असतो, म्हणून एकच वाटी कधी पुरते, कधी पुरत नाही. वाटीपेक्षा वजन धरा: २०० ग्रॅम खजुराला १५० ग्रॅम मेवा. खजूर दाबून पाहा. बोट सहज रुतलं तर तसाच घ्या. नाही रुतलं तर दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, निथळून घ्या आणि कापडावर नीट टिपून घ्या. हे टिपणं मी कधीच टाळत नाही. वरचं पाणी तसंच राहिलं तर गोळे हाताला चिकटतात आणि टिकतही कमी. मिश्रण मुठीत दाबून पाहायचं: मूठ उघडल्यावर आकार राहिला की झालं. फुटलं तर आणखी एखादा खजूर घाला. पाणी घालायचा मोह झालाच तर चमच्याने थेंब थेंब.

आणि चिमूटभर मीठ घाला. खजुराचा गोडवा सपाट असतो, मिठाने तो उठतो.

पानगळ
खवटपणाबद्दल थोडं. अक्रोडातली बहुतेक चरबी बहुअसंतृप्त असते आणि ती हवेशी लवकर बिघडते. भरड केली की हवा लागणारा पृष्ठभाग वाढतो, मग आणखी लवकर. जवसाचंही तेच, आणि अख्खे जवस बरेचदा न पचता तसेच बाहेर पडतात, त्यामुळे दळल्याशिवाय घालण्यात अर्थ नाही. दोन्ही फ्रीजमध्ये ठेवा, जवस लागतील तेवढेच दळा. वास घेऊन अक्रोडाचा एक तुकडा आधी चाखायचा. कच्चा मालच खवट असेल तर गोळा चांगला होणार नाही. सायकलच्या खिशात दिवसभर राहणार असतील तर नुसते बदाम घ्या, ते जास्त तग धरतात.

गोळे हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये दोन आठवडे चांगले राहतात, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. थरांमध्ये बटर पेपर घाला.

उंबरठा
सायकलवर कधी खाता ते महत्त्वाचं आहे. खलबत्ता यांच्या प्रमाणाने २० ग्रॅमच्या एका गोळ्यात ८० ते ८५ कॅलरी येतात, प्रथिनं दोनेक ग्रॅम. याला कोणी प्रोटीनचा गोळा म्हणत असेल तर ते खरं नाही, ही मुख्यतः साखर आणि चरबी आहे. चरबीमुळे पोट हळू रिकामं होतं. चढ सुरू व्हायच्या जरा आधी खायचे असतील तर खजूर जास्त, मेवा कमी असे वेगळे गोळे करा. दिवसभराच्या संथ फेरीला जास्त मेव्याचे चालतात. सोबत पाणी हवंच.

खोबरेल तेल घालून घट्ट केलेले गोळे खिशात नेऊ नका. ते तेल साधारण २४ अंशांना वितळतं.

सायकलवेडी
मनापासून आभार. आज मेवा आधी आणि खजूर नंतर असं केलं, भांड्यात तेलाचा टिपूसही नव्हता. अजून दोन गोष्टी विचारते: खजुराऐवजी जर्दाळू चालतील का? आणि घरात लहान मूल आहे, त्याला दिले तर?

खलबत्ता
पूर्ण बदल करू नका. जर्दाळू आंबट आणि चिवट असतात, एकटे नीट बांधून ठेवत नाहीत. पाव भाग खजुराच्या जागी घाला, आंबटपणा सुरेख लागतो. भडक केशरी जर्दाळूंना रंग टिकवायला सल्फर डायऑक्साइड दिलेला असतो. घरात कोणाला दमा असेल तर तपकिरी, विनासल्फरचे घ्या, काहींना त्याचा त्रास होतो. अंजीरही छान, फक्त देठ कापा.

पानगळ
मुलाचं वय सांगा. मध तुम्ही घालत नाही हे उत्तमच, एक वर्षाखालच्या बाळाला तो अजिबात द्यायचा नसतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात मेव्याचे तुकडे अडकू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी मेवा अगदी बारीक दळा, गोळा चपटा करून छोटे तुकडे द्या आणि बसवूनच खाऊ घाला. मेव्याची ॲलर्जी असू शकते, तेव्हा पहिल्यांदा अगदी थोडं, एका वेळी एकच मेवा. खजूर दातांना चिकटून राहतो, खाल्ल्यावर चूळ भरायला लावा.

सायकलवेडी
चार वर्षांचा आहे, बदाम आधीपासून खातो. त्याचे बारीक दळून, चपटे करते. माझे भरडच ठेवते.