दुसरं दुकान गोलाईतच टाकावं, रिंगरोडला नाही

गोलाईचा_कापडवाला
लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे शहराच्या मधल्या गोल बाजारपेठेत, आमचं कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आता दुसरं शटर उघडायचं ठरलंय आणि घरात वाद पेटलाय. धाकट्या भावाला रिंगरोडला गाळा हवाय, कारण मोठी दुकानं तिकडंच निघायलीत. माझं मत साफ विरुद्ध आहे. पटत नसेल तर खोडून काढा.

मोठ्या साखळी दुकानांचा हिशोबच वेगळा असतो. डीमार्टनं २००२ मध्ये पवईला सुरुवात केली. जागा भाड्यानं घेण्यापेक्षा विकत घेण्यावर त्यांचा भर. भर बाजारात तेवढी जागा एकगठ्ठा मिळत नाही आणि मिळाली तरी परवडत नाही. शिवाय महिन्याचा किराणा एका फेरीत नेणाऱ्याला गाडी दारात लागते. आमचा गाळा सहाशे फुटांचा, आणि आमच्याकडं लोक बस्ता बांधायला येतात. नवरीची आई पहिल्याच दुकानात कधी उरकत नाही. चार दुकानं हिंडते, पदर उलगडून बघते, भाव काढते आणि मग पुन्हा पहिल्या दुकानाची पायरी चढते. ती चार दुकानं शेजारी-शेजारी आहेत, म्हणून ती गोलाईत येते. रिंगरोडला एकटं दुकान टाकलं तर तिनं हिंडायचं कुठं?

हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९२९ मध्येच मांडलंय की एका रस्त्यावरचे दोन विक्रेते सरकत सरकत मधोमध, एकमेकांच्या शेजारी येतात. आमच्या गोलाईला तर सोळा रस्ते मिळतात.

जागा_बघणारा
साहेब, एका साखळी दुकानासाठी जागा शोधायचं काम मी नऊ वर्षं करतोय, म्हणून बोलतो. हॉटेलिंगचा आधार इथं लागू होत नाही. त्याच्या मांडणीत गिऱ्हाईक कितीही लांब असलं तरी खरेदी करतंच. खऱ्या बाजारात ते वैतागलं की घरी बसून मोबाइलवर मागवतं. गोलाईत चारचाकी घेऊन आलेला माणूस दोन चकरा मारतो, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि निघून जातो. तो तुम्हाला दिसतच नाही, म्हणून तुमच्या हिशोबात येत नाही.

आम्ही जागा बघताना चौकात उभं राहून मोजतो. सकाळी, संध्याकाळी, रविवारी, बाजाराच्या दिवशी. दुचाकी किती, चारचाकी किती, बायका किती. दहा मिनिटांच्या अंतरात घरं किती आणि कसली. रस्त्याची कोणती बाजू, हे तर फार बारकाईनं बघतो, कारण माणूस कामाला जाताना थांबत नाही, घरी परतताना थांबतो. भाडं अंदाजे विक्रीच्या दहा टक्क्यांवर जायला लागलं की आमच्याकडं फाइल बंद. गोलाईतल्या पागडीचा आकडा हिशोबात धरलाय का तुम्ही?

अहमदपूरकर
तुम्ही दोघंही लातूर शहरातच अडकलात. बस्त्याचं गिऱ्हाईक येतं बाहेरगावाहून. आमच्याच गावाचं घ्या. १९३१ मध्ये विल्यम रायली यांनी एक नियम मांडला: दोन शहरांची ओढ लोकसंख्येनुसार वाढते आणि अंतराच्या वर्गानुसार घटते. २०११ च्या जनगणनेत लातूर ३.८३ लाख, नांदेड ५.५ लाख. मधलं अंतर १४० किलोमीटर धरलं तर हद्द पडते लातूरपासून सुमारे ६४ किलोमीटरवर. म्हणजे जवळजवळ अहमदपुरातच! आणि खरंच, आमच्याकडं अर्धं गाव लातूरला जातं, अर्धं नांदेडला.

आता हे गिऱ्हाईक येतं कशानं? एसटीनं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून माझी आई आणि मावशी दोघीच लातूरला जाऊन खरेदी करून येतात. आधी कुणीतरी पुरुष गाडी काढेपर्यंत थांबायच्या. त्या स्टँडवर उतरतात आणि बाजाराकडं चालू लागतात. रिंगरोडला ऑटो करून जाणार नाहीत, दुकान कितीही चकचकीत असो.

जागा_बघणारा
आकडेमोड छान आहे, पण त्यात रस्ता कसा आहे ते येत नाही, सोयरिक कुठं आहे तेही येत नाही. लेक नांदेडला दिलेली असेल तर बस्ता नांदेडलाच होतो. म्हणून डेव्हिड हफ यांनी १९६० च्या दशकात पक्की हद्द आखणं सोडून शक्यता मांडली: हे गिऱ्हाईक या दुकानात येण्याची शक्यता किती, त्या दुकानात किती. आम्ही तसंच बघतो.

जालनारोड_संभाजीनगर
मला कुणाची बाजू घ्यायची नाही, माझं काय झालं ते सांगतो. मी चप्पल-बुटांचं दुकान काढलं होतं, गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला. दर्शनी भाग वीस फुटांचा, पुढं भरपूर पार्किंग. जागा_बघणारा यांनी सांगितलं तसं आठवडाभर उभं राहून मोजलंही होतं. पहिले पाच महिने गल्ला चांगला चालला. मग रस्ता रुंद झाला आणि मधोमध डिव्हायडर पडला. समोरच्या वसाहतीतला माणूस माझा बोर्ड रोज वाचायचा, पण त्याला वळून यायला पुढं बराच लांब जावं लागायचं. एकही गिऱ्हाईक माझ्यावर नाराज नव्हतं. तरी चौदाव्या महिन्यात शटर ओढलं. डिपॉझिट निम्मं परत मिळालं, फर्निचर कवडीमोलानं गेलं.

रस्ता रुंद होणार हे आधीच ठरलेलं होतं. मी विचारायलाच गेलो नव्हतो. तुमचा भाऊ गाळा बघत असेल तर त्याला आधी महापालिकेत आणि बांधकाम खात्यात पाठवा. डिव्हायडर कुठं फुटणार ते नकाशावर बघू द्या.

ट्यूशन_एरिया
तिसरी जागा कुणी बोलेना. क्लासेसच्या भागात बाहेरगावची हजारो पोरं राहतात. टी-शर्ट, ट्रॅकपँट रोज खपतात.

गोलाईचा_कापडवाला
ट्यूशन_एरिया, नीटची परीक्षा झाली की तो भाग ओस पडतो, आणि नेमकी तीच आमची लगीनसराई. दोन्हीकडं माणसं पुरवणं जमायचं नाही.

बाकीचं वाचून काल रात्री एक केलं. वडिलांना बिलावर गिऱ्हाईकाच्या गावाचं नाव लिहायची सवय होती, ती आम्ही मोडली नाही. मागच्या लगीनसराईची बिलबुकं काढून बसलो. मोठी बिलं बहुतेक औसा, मुरूड, रेणापूर, चाकूरची. अहमदपूरकर, तुमचं म्हणणं खरं निघालं. पण शाळेचे गणवेश आणि लहान मुलांचे कपडे यांची बिलं शहरातल्या नव्या वसाहतींची, आणि ती दोन वर्षांत निम्म्यावर आलीत. हे मला माहीत नव्हतं. ही माणसं पार्किंगवाचून गेली, की दुसरं काही कारण आहे?

जागा_बघणारा
त्यातल्या दहा घरांना फोन लावून विचारा. बिलावर नंबर असतीलच.

गोलाईचा_कापडवाला
लावतो. बस्त्याचं दुकान मात्र गोलाईतून हलणार नाही, भावालाही तेच सांगितलंय. लहान मुलांचे कपडे वेगळे काढायचे का, ते फोन झाल्यावर बघू. आणि सोमवारी आम्ही दोघं महापालिकेत जातोय, रिंगरोडचा नकाशा बघायला.