शेजारच्या आंब्याची फांदी माझ्या पत्र्यावर: कापू की नको?

बेलापूरचा बाळ:
सरळच विचारतो. शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी भिंत ओलांडून माझ्याकडे आली आहे. माझ्या हद्दीत आलेला तुकडा मी माणूस बोलावून कापून टाकला तर त्यात चूक काय?

राहतो सीबीडी बेलापूरला, आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखलेली वसाहत. सात-सात घरांचा घोळका, मधे साधारण आठ बाय आठ मीटरचं अंगण, आणि प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. एकाची भिंत दुसऱ्याला चिकटू द्यायची नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने आपलं घर वाढवावं, अशी ती योजना. घरं वाढली, झाडंही वाढली. आंब्याला कोण सांगणार, बाबा रे, तुझा प्लॉट इथे संपला?

फांदी मांडीएवढी जाड, पत्र्याच्या शेडवर टेकलेली. जानेवारीत मोहर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा खाली गाडीवर पडतो. काचेवर बोट ठेवून उचललं तर 'चट्' असा आवाज येतो. वायपर फिरवला की काच दुधाळ. काही दिवसांनी त्याच चिकट्यावर काळी बुरशी. पावसाळ्यात पानांनी पन्हाळ तुंबते आणि पाणी बेडरूमच्या भिंतीत उतरतं. शिडीवर मी चढायचं, पन्हाळ मी उपसायची, आणि मे महिन्यात झेला घेऊन आंबे उतरवायला शेजारी. (दोन डझन आणून देतात. घेतो. उगाच खोटं का बोला.)

शेजारचे काका सत्तरीचे, माणूस चांगला. तीनदा सांगून झालं. "पावसाआधी बघू" म्हणतात. तीन पावसाळे गेले. आता माझं मत असं: झाड त्यांचं, पण माझ्या डोक्यावरची हवा माझी.

मोहरवेडी:
गाडीला पंधराशेचं कव्हर मिळतं हो. तीस वर्षांचं झाड कुठे मिळतं ते कळवा, मलाही हवंय.
मी वाशीला रो-हाउसमध्ये राहते. आमच्या शेजाऱ्यांनी जांभूळ काढलं आणि त्या मेमध्ये पहिल्यांदा आम्ही वरच्या खोलीत एसी बसवला. सावली फुकट मिळते तोवर कुणी मोजत नाही.

जिन्याखालचा:
कव्हर घालायचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा शेवग्याच्या शेजारी राहून बघावं. पाऊस सुरू झाला की खोडावर केसाळ सुरवंटांचा थर बसतो, लांबून वाटतं सालीलाच लव आलीय. ते तिथेच थांबले तर एक वेळ चाललं असतं. भिंत उतरून मोरीत येतात, दोरीवरच्या कपड्यांत शिरतात. माझ्या मुलीच्या मानेवर अशा गांधी उठल्या की दोन रात्री झोप नाही. झाडमालकीण बाई काय म्हणाल्या? "निसर्ग आहे." शेंगा काढताना मात्र निसर्ग त्यांच्या एकट्यांचा.
बाळासाहेब, कापा. मी कापलं असतं.

नौपाडेकर:
कापायच्या आधी आमची गोष्ट ऐका. ठाण्यात आमच्या आजीचं बैठं घर, परसात रायवळ आंबा. पलीकडच्यांनी त्यांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या भिंतीच्या रेषेत सपाट उतरवल्या. अर्धी हजामत झालेल्या माणसासारखं झाड दिसायचं. सगळा भार एका अंगाला. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, त्या दुपारी ते मुळासकट आडवं झालं. विहिरीचा कठडा आणि न्हाणीघराचं छप्पर गेलं. झाडावर कैऱ्या तशाच होत्या.

बेलापूरचा बाळ:
वाईट झालं. पण नीट वाचलं तर, पडलं ते मालकाच्या बाजूला. कापणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही!

नौपाडेकर:
हे वाक्य शेजाऱ्याच्या तोंडावर बोलून दाखवा, मग मानतो.

वकीलबाई:
भांडा, पण कायदा माहीत करून घेऊन भांडा.
बाळ म्हणतात ती 'माझी हवा' अगदीच हवेतली नाही. इंग्लंडमध्ये १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की आपल्या जमिनीवर आलेली फांदी शेजाऱ्याला नोटीस न देता कापता येते, अट एवढीच की त्याच्या जमिनीत पाय टाकायचा नाही.
पण आपण बेलापुरात आहोत. इथे महाराष्ट्राचा १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्यात 'झाड पाडणे' याच्या व्याख्येत जाळणं, तोडणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं बसतं. झाड खाजगी अंगणातलं असलं तरी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांपुढचं झाड हेरिटेज धरतात, त्याला नियम आणखी कडक. तेव्हा रविवारी माणूस बोलावून करवत चालवली तर तक्रार काकाच करतील असं नाही, समोरच्या गॅलरीतून व्हिडिओ काढणारा कुणीही करेल.
फांदी खरोखर पडायच्या बेतात असेल तर वेगळा रस्ता आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) १३३. पडून इजा करेल अशा स्थितीतलं झाड हटवायचा किंवा त्याला टेकू द्यायचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. चिकटा त्यात बसत नाही.

जिन्याखालचा:
म्हणजे झाड लावायला परवानगी नको, आणि त्याचा त्रास होणाऱ्याने अर्ज घेऊन फिरायचं. छान.

मोहरवेडी:
तुमचा शेवगा आणि त्यांचा आंबा एका पारड्यात घालू नका. शेवग्याला छाटलं की दुप्पट फुटतो, काही वाटत नाही त्याला. आंब्याची मांडीएवढी फांदी गेली की गेली.

जिन्याखालचा:
सुरवंटाला हे सांगा.

कोयतेवाला:
मी छाटणीची कामं घेतो, बेलापूर ते ऐरोली. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.
भिंतीच्या रेषेत कापलेली फांदी म्हणजे हवेत सोडलेला खुंट. तो भरून येत नाही. पाणी मुरतं, कुजतो, मग भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, शिरतो आणि आतून पोखरत खोडापर्यंत जातो. चार-पाच वर्षांनी तीच फांदी वाऱ्याशिवाय खाली येते. पत्रा कुणाचा, ते बघा.
बरोबर काप तिथे घ्यायचा जिथे फांदी खोडातून निघते. तिथे फुगीर कडं असतं, त्याला न दुखवता त्याच्या लगेच बाहेर. आधी हातभर अंतरावर खालून करवत मारायची, मग वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलून नेत नाही. शेवटी उरलेला खुंट काढायचा आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावायची. फांदी जड असेल तर दोराने बांधून उतरवायची. पण ते कडं कुठे आहे? काकांच्या अंगणात. भिंतीपासून चार-पाच फूट आत. म्हणजे वकीलबाईंच्या त्या इंग्रज कोर्टाने हक्क दिला तरी तो भिंतीपाशी संपतो, आणि झाडाला हवा असलेला काप पलीकडे. काकांना घेतल्याशिवाय ही फांदी नीट कापताच येत नाही.
वेळ म्हणाल तर आंबे उतरले की लगेच, जोराचा पाऊस धरायच्या आत. दिवाळीच्या सुमारास कापलीत तर मोहर यायच्या काड्याच जातील. वर चढायच्या आधी पानांची शिवलेली घरटी आहेत का बघा. त्यांतले ओंबील, म्हणजे चावरे लाल मुंगळे, एकदा सदऱ्यात शिरले की करवत कुठे आणि माणूस कुठे. कावळ्याचं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबतो, हा माझा नियम.

बेलापूरचा बाळ:
हे खरं बोललात. मी भिंतीवर खडूने रेघसुद्धा मारून ठेवली होती.
बरं, माझ्या बाजूला लटकलेले आंबे तरी माझे का?

वकीलबाई:
नाही. १९१९ चा मिल्स विरुद्ध ब्रूकर. शेजाऱ्याने आपल्याकडे आलेली सफरचंदं तोडून विकली, कोर्टाने त्याला भरपाई द्यायला लावली. फळ झाडमालकाचं. इंग्रजी खटला आहे, पण त्यातलं तत्त्व इथेही पटण्यासारखं आहे.

मोहरवेडी:
पन्हाळ उपसण्याची मजुरी दोन डझन आंबे. मला तर हा सौदा बरा वाटतो.

जिन्याखालचा:
तुम्ही चढा मग शिडीवर.

बेलापूरचा बाळ:
काल संध्याकाळी काकांकडे गेलो. करवतीचं नाव काढलं नाही, नुसती गाडीची चावी दिली आणि म्हटलं, काच पुसून दाखवा. त्यांनी लेंग्याच्या खिशातला रुमाल काढला, पुसला, रुमाल काचेलाच चिकटला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अर्ज मी माझ्या सहीने करतो, झाड माझं आहे. छाटणीचा खर्च निम्मा-निम्मा. कोयतेवाले, तुमचा दर कळवा.
एकच ठिकाणी अडलंय. फांदीचं लाकूड. काकूंना समिधांना हवंय, आणि मी आधीच सुताराला विचारून बसलोय.

वकीलबाई:
लाकूडही झाडमालकाचं. आणि यापुढच्या प्रश्नांना फी पडेल.