कोड येत नसताना बग ट्रायाजला मदत करता येते का?

नौपाड्याची_डीटीपीवाली:
नमस्कार मंडळी. ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, भाडेकरार, असली कामं. बरंचसं टायपिंग लिब्रेऑफिसवर करते. इतकी वर्षं फुकट वापरतेय तर आपलाही हातभार लागावा असं वाटतंय. त्यांना बग ट्रायाजला, म्हणजे आलेल्या बिघाडांच्या तक्रारी तपासून लावायला, माणसं लागतात म्हणे. प्रोग्रॅमिंग शून्य, इंग्रजी कामापुरतं. दुपारी दुकानात शुकशुकाट असतो, तेवढा वेळ देऊ शकते. उपयोग होईल की नुसती लुडबुड?

घणसोलीकर:
ताई, बिनधास्त या. मी महापेला टेस्टिंगची नोकरी करतो आणि घरी येऊन पुन्हा तेच करतो (बायकोचं मत विचारू नका).

ट्रायाजमध्ये कोड लिहायचा नसतो. कुणीतरी बगझिलावर (तक्रारी नोंदवायची साइट) तक्रार टाकतं, ती 'अनकन्फर्म्ड', म्हणजे खात्री न झालेली, म्हणून पडून राहते. आपण ती वाचायची, दिलेल्या पायऱ्या आपल्या मशीनवर करून बघायच्या. तसंच घडलं तर आवृत्ती, ओएस आणि फॉन्ट लिहून 'न्यू' करायची. पायऱ्याच नीट नसतील तर 'नीडइन्फो' (माहिती हवी) करून विचारायचं. आधीच कुणी नोंदवली असेल तर डुप्लिकेट. स्वतः टाकलेली तक्रार मात्र स्वतः कन्फर्म करायची नाही, दुसऱ्याच्या डोळ्याखालून जाऊ द्यायची.

आता तुमचा खरा उपयोग. देवनागरीच्या तक्रारी बघणाऱ्या बऱ्याच जणांना देवनागरी वाचताच येत नाही. 'दऱ्या'मधला र बरोबर उमटलाय की नाही, हे त्यांनी कसं ठरवायचं? तुम्हाला एका नजरेत कळेल. शिवाय काही तक्रारी मुळात बग नसतातच. ल आणि श आपल्या वळणाचे दिसत नाहीत अशी तक्रार असेल तर आधी मजकुराची भाषा बघा. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आहेत, त्यात भाषा हिंदी असली की हिंदी वळणाचा ल येतो, मराठी केली की आपला. पत्रिका छापणाऱ्याला हे पाठ असतं, डेव्हलपरला कुठून असणार!

काही कळेनासं झालं की लिब्रेऑफिस सेफ मोडमध्ये उघडून बघा. प्रोफाइलच (आपल्या सेटिंग्जचा साठा) बिघडलेलं असेल तर तिथे उलगडा होतो.

कळवा_स्लो:
फुकट का राबायचं पण? याच सॉफ्टवेअरवर सपोर्ट विकून कंपन्या पैसे कमावतात.

नौपाड्याची_डीटीपीवाली:
कमावू देत की. पत्रिकेत वधूच्या आडनावाचं जोडाक्षर तुटलं तर वधूपिता कंपनीत जाणार नाही, माझ्या काउंटरवर येईल.

घणसोलीकर, एक तक्रार घेतली. दोन वर्षं जुनी आहे. त्या माणसाची फाइल माझ्याकडे व्यवस्थित उघडते. 'फिक्स्ड' करून टाकू?

घणसोलीकर:
नको. कुठल्या बदलाने दुरुस्त झालं हे नक्की ठाऊक असेल तेव्हाच 'फिक्स्ड'. नाहीतर 'वर्क्सफॉरमी' (माझ्याकडे चालतंय). पण त्याआधी तुमची आवृत्ती कळवून त्याच्याकडे अजून होतंय का ते विचारा. 'अबाउट'च्या खिडकीत सगळी माहिती एका बटणाने कॉपी होते, तीच चिकटवा. आणि फॉन्ट विचारा. त्याच्याकडचा फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर तुम्ही वेगळंच काहीतरी तपासलंय.

ऐरोली_नाका:
एक भर घालतो. बगझिलावर जोडलेली फाइल जगाला दिसते. गिऱ्हाईकाची पत्रिका किंवा भाडेकरार तसाच चढवू नका. नवी फाइल करून तेवढाच बिघडणारा शब्द ठेवा, डेव्हलपरलाही तेच हवं असतं. खात्यासाठी ईमेल वेगळा घ्या.

पुढे रस वाटला तर बायबिसेक्ट शिका. आधीच बांधून ठेवलेल्या आवृत्त्यांमधली मधली उघडायची, बिघाड दिसतो का बघायचं, अर्ध्या बाद करायच्या. हजार आवृत्त्या असल्या तरी दहाएक वेळा उघडझाप करून नेमका कुठल्या बदलानंतर बिघडलं ते सापडतं. डाउनलोड मात्र अवजड असतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका.

नौपाड्याची_डीटीपीवाली:
फॉन्ट विचारला, तक्रार 'नीडइन्फो'वर ठेवली. तो माणूस उत्तर देईपर्यंत 'दऱ्या'वाल्या बघते. कुणाकडे जुनं विंडोज मशीन असेल तर सांगा, एक तक्रार फक्त त्यावरच होते म्हणतात.