अनुभव धागा : इंटिग्रेशन टेस्टचं फ्रेमवर्क बदलताना तुमचं काय काय बिघडलं?

आमच्या टीममध्ये टेस्ट चालवणारं फ्रेमवर्क बदलायचं घाटतंय. इंटिग्रेशन टेस्ट (वेगवेगळे भाग एकत्र नीट चालतात का ते तपासणारा कोड) सहाशेच्या आसपास, त्यातल्या काही आठ वर्षं जुन्या. ज्यांनी लिहिल्या त्यातलं आता कुणीच नाही. कोणतं फ्रेमवर्क चांगलं हे मला विचारायचं नाही, ती तुलना कुठेही वाचायला मिळते. ज्यांनी हे काम हाताने केलंय त्यांनी कुठे ठेच लागली आणि ती कशी लक्षात आली, ते सविस्तर लिहा. मला धास्ती एकाच गोष्टीची आहे. सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसेल आणि तपासलं काहीच जात नसेल.

* * *

धास्ती रास्त आहे, ताई. आमचं नेमकं हेच झालं.

जावाच्या टेस्ट फ्रेमवर्कमध्ये, जेयुनिटमध्ये, ४ वरून ५ वर गेलो. ५ आलं २०१७ मध्ये, आम्ही बऱ्याच उशिरा हललो. व्हिंटेज इंजिन लावलं की जुन्या टेस्ट नव्यांच्या शेजारी चालतात, त्यामुळे घाई करायचं काहीच कारण नव्हतं. तरी आम्ही इम्पोर्टच्या ओळी सरसकट फाइंड-रिप्लेसने बदलल्या. जिथे कंपाइल होईना तिथे दुरुस्त केलं. जिथे झालं तिथे कुणी पाहिलंच नाही.

४ मध्ये असर्टला (टेस्टमधली पडताळणीची ओळ) द्यायचा, टेस्ट पडली की दिसणारा संदेश पहिला असतो, ५ मध्ये तो शेवटी गेला. आमची एक टेस्ट होती: लॉगिन पुन्हा केल्यावर टोकन (लॉगिनची ओळख पटवणारी खूण) बदललं पाहिजे. असर्टनॉटइक्वल्समध्ये (दोन गोष्टी वेगळ्या आहेत का ते बघणारा असर्ट) आधी संदेश, मग जुनं टोकन, मग नवं. तिन्ही स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून कंपायलरची काहीच तक्रार नाही. पण आता तुलना होत होती संदेशाची आणि जुन्या टोकनची. ते दोन कधीच सारखे नसणार, म्हणजे टेस्ट कायम पास. सारखेपणा बघणारं असर्टइक्वल्स असतं तर लगेच लाल झालं असतं आणि आम्ही पाहिलं असतं. टोकन न बदलण्याचा बग पुढे ग्राहकाने कळवला. तेव्हा ती ओळ उघडून मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

त्यानंतर मी एक नियम पाळतो. टेस्ट नव्या फ्रेमवर्कवर नेली की ती ज्या कोडसाठी आहे तो कोड मुद्दाम मोडायचा. टेस्ट लाल झाली तरच ती आली असं धरायचं. वेळखाऊ आहे, पण मला दुसरा खात्रीचा मार्ग सापडलेला नाही.

* * *

पायथनवाले आम्ही. नोज या टेस्ट फ्रेमवर्कवरून पायटेस्टवर. बदलणं भागच होतं, नोजची देखभाल केव्हाच थांबली होती आणि पायथन ३.१० वर ते चालेनाच.

आमच्या टेस्टची नावं 'पेमेंट_टेस्ट' अशी, म्हणजे 'टेस्ट' शेवटी. नोज ती उचलायचं. पायटेस्ट मुळात 'टेस्ट'ने सुरू होणारी फंक्शनच उचलतं. फाइली सापडल्या, आतली फंक्शन गळाली, आणि एकही एरर नाही. आमच्यातल्या एकीने जुन्या रनमधली टेस्टची संख्या कागदावर लिहून ठेवली होती म्हणून वाचलो. यील्ड (एकाच फंक्शनमधून एकेक टेस्ट देत जाणारा पायथनचा शब्द) वापरून लिहिलेल्या टेस्टही बघा. पायटेस्ट ४ पासून त्या चालत नाहीत, आणि आमच्या आवृत्तीत त्या 'एक्सफेल्ड', म्हणजे पडणारच असं धरलेल्या, म्हणून मोजल्या जात होत्या. बिल्ड मात्र हिरवंच.

तेव्हा नुसती संख्या जुळवू नका. नावांची यादी काढा आणि दोन्ही याद्या डिफ करा, म्हणजे त्यांतला फरक काढा.

* * *

आमच्या ब्राउझरमधल्या टेस्ट: प्रोट्रॅक्टर ते प्लेराइट. प्रोट्रॅक्टर बंद होणार हे २०२१ मध्येच जाहीर झालं होतं. आमच्या जुन्या टेस्ट कंट्रोल फ्लोवर होत्या, त्यात ओळी आपोआप एकामागून एक चालायच्या, अवेट ('हे पूर्ण होईपर्यंत थांब') लिहायची सवयच कुणाला नव्हती. प्लेराइटमध्ये एक्स्पेक्टच्या (पडताळणीच्या ओळीच्या) आधी अवेट राहिलं की पडताळणी पूर्ण व्हायच्या आत टेस्ट संपते. आमच्याकडे अशा ओळी ढिगाने निघाल्या. टाइपस्क्रिप्टसाठी असं राहिलेलं अवेट पकडणारा, फ्लोटिंग प्रॉमिसवरचा लिंट नियम (कोड न चालवता तपासणारा) आहे. तो पहिल्या दिवशी लावा, आम्ही तिसऱ्या महिन्यात लावला.

एक चांगलंही झालं. प्लेराइट प्रत्येक टेस्टला कोरा ब्राउझर कॉन्टेक्स्ट, म्हणजे आधीचं लॉगिन नसलेलं सत्र, देतं. आधीच्या टेस्टने केलेल्या लॉगिनवर तगणाऱ्या आमच्या सगळ्या टेस्ट एका दिवसात उघड्या पडल्या. तेव्हा वैताग आला होता. पण त्या टेस्ट एकट्या चालवल्या की का पडतात, हे कोडं आम्हाला दोन वर्षं सुटलं नव्हतं.

* * *

आम्ही फ्रेमवर्क बदललं नाही, खालचा डेटाबेस बदलला. एचटू या हलक्या डेटाबेसच्या जागी टेस्टकंटेनर्सने (टेस्टपुरता खरा डेटाबेस उभा करणारी लायब्ररी) खरा पोस्टग्रेस. पहिल्याच रनला क्रमवारीच्या टेस्ट पडल्या: चढत्या क्रमात आमचं एचटू नल (रिकामी मूल्यं) आधी ठेवायचं, पोस्टग्रेस शेवटी ठेवतं. स्क्रीनवर यादी चुकीची दिसते ही तक्रार खरीच होती, आणि आम्ही ती दोनदा 'आमच्याकडे होत नाही' म्हणून बंद केली होती. त्याबद्दल अजून वाईट वाटतं.

* * *

धागा काढला ती मीच. सगळ्यांचे मनापासून आभार.

काल सर्वांत लहान मॉड्यूल घेतलं. जुन्या फ्रेमवर्कमध्ये ४१ टेस्ट, नव्यात ३८. डिफ केल्यावर गळालेली तिन्ही नावं सापडली. मग कोड मोडून पाहिला, एकेका टेस्टसाठी एकेक ओळ. ३८ पैकी दोन हिरव्याच राहिल्या. त्यातली एक जुन्या फ्रेमवर्कवर परत नेऊन तोच कोड मोडला, तर तिथेही ती हिरवीच. म्हणजे ती आठ वर्षं काहीच तपासत नव्हती. दुसरी आज बघतेय.